वर्णन काढून टाकण्याचं कारण

१

सकाळचा चहा झाला की ताई फोन गळ्यात अडकवते, एका कानात इअरफोन खुपसते, पांढरी काठी उघडते आणि दारातून म्हणते, "बापू, निघाले रे तुला घेऊन." मी खुर्चीत पेपर वाचत बसलेला असतो. तिच्याबरोबर निघतं ते माझं लिखाण.

'वाटाड्या' नावाचं एक ॲप आहे. ज्यांना दिसतं त्यांनी दुकानं, बँका, दवाखाने, कचेऱ्या आतून कशा आहेत ते लिहायचं. ज्यांना दिसत नाही ते तिथे पोचले की फोन ते त्यांच्या कानात वाचून दाखवतो. दार कुठल्या बाजूला, ढकलायचं की ओढायचं, उंबरा आहे का, रांग कुठून सुरू होते. लिहिणारे सगळे स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. मी त्यांतला एक. जन्मभर कचेरीत जे लिहिलं ते साहेबांनी न वाचता सही करून पुढे ढकललं. निवृत्तीनंतर मात्र माझ्या एकेका वाक्यावर माणसं पाऊल टाकतात. असा वाचक भल्याभल्या लेखकांच्या नशिबी नसतो.

त्यांतली सगळ्यात कडक वाचक म्हणजे ताई, माझी थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नजर गेल्यावर माझ्याकडे राहायला आली, ती कान आणि जीभ शाबूत ठेवून आली.

"बँकेचं तू 'प्रशस्त दालन' लिहिलंयस. प्रशस्त म्हणजे काय रे? काठी फिरवली तर कुणाच्या नडगीला लागेल की नाही, तेवढं लिही."

ताईला वर्षातून एकदा पेन्शन कचेरीत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण अजून मेलेलो नाही हे स्वतः हजर राहून दाखवायचं. गेल्या वर्षी मी तिला हाताला धरून नेलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "काका, आजी हयात आहेत ना?"

"असाव्यात," ताई म्हणाली. "सकाळी चहा तर घेतला त्यांनी."

कारकून हसला नाही. घरी येईपर्यंत ताईही हसली नाही. जिना चढताना एवढंच म्हणाली, "मी जिवंत आहे हे सांगायला भाऊ लागत असेल, तर दाखला तुझ्याच नावाचा काढ. पुढच्या वर्षी मी एकटी जाणार."

ते पुढचं वर्ष आता आलं होतं आणि महिनाअखेरीची मुदत होती. मी पेन्शन कचेरीचं वर्णन लिहायला घेतलं. जिना, कठडा, दुसऱ्या मजल्यावरचा पॅसेज, उजव्या हाताला तीन दारं, त्यांतलं दुसरं पेन्शन विभागाचं, डाव्या हाताला सलग भिंत आणि भिंतीला टेकून एक लाकडी बाक. वाचून मीच खूश झालो. दुसऱ्या दिवशी ते वर्णन ॲपवर नव्हतं.

२

'आपलं वर्णन काढून टाकण्यात आलं आहे. ते आमच्या धोरणाशी सुसंगत नाही.'

बस्स, एवढंच. मी स्वतः नोकरीत ढिगाने अर्ज नामंजूर केले आहेत, तेव्हा नामंजुरीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण शेरा न मारता कागद परत पाठवणं, याला आमच्या कचेरीत कामचुकारपणा म्हणत. 'अपूर्ण' म्हणा, 'विलंबाने प्राप्त' म्हणा, काहीच सुचलं नाही तर 'चर्चा करा' म्हणा. माणसाला कपाळावर हात मारून घ्यायला काहीतरी आधार द्या.

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा काढलं. तेच वाक्य.

स्वयंसेवकांचा गप्पा मारायचा एक कट्टा ॲपवर आहे. तिथे मन मोकळं केलं तर निम्मा कट्टा जळफळत असल्याचं कळलं. फक्त लिफ्टची वर्णनं लिहिणारी एक बाई आहे, तिला सगळे लिफ्टवाली म्हणतात. तिने लिहिलं, 'माझ्या दवाखान्याच्या लिफ्टचं तीनदा काढलं. बटणं चुकली का, आरसा चुकला का, काही सांगत नाहीत. काढणारे हे तपासनीस आहेत तरी कोण?'

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तपासनीसही आपल्यासारखेच स्वयंसेवक असतात, असं कुणी म्हणालं. यंत्र असतं, असं दुसरा म्हणाला. मग मी सर्वांच्या वतीने अर्ज लिहिला. तो लिहिताना हाताला जुनी सवय आठवली. 'सविनय', 'निदर्शनास आणू इच्छितो', 'कारणाशिवाय केलेली कारवाई ही कारवाई नव्हे' वगैरे.

आश्चर्य म्हणजे उत्तर आलं, तेही बऱ्यापैकी लवकर. 'आम्ही पारदर्शकतेला बांधील आहोत. यापुढे वर्णन काढताना कारण कळवलं जाईल. मागितल्यास पुरावाही दिला जाईल.' कट्ट्यावर दिवाणखान्यात फटाका फुटावा तसा आनंद झाला. लिफ्टवालीने मला 'साहेब' म्हटलं. सबंध नोकरीत मला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

मी पेन्शन कचेरीचं वर्णन तिसऱ्यांदा चढवलं. ताईसमोर नाश्ता करत होतो तेव्हा फोनने कारण वाचून दाखवलं.

'वर्णन अपूर्ण. दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये चार दारं आहेत. आपण तीन लिहिली आहेत.'

"झालं समाधान?" ताई म्हणाली. "कारण पाहिजे होतं ना?"

"तीनच आहेत गं."

"मग जा आणि मोजून ये. कारकून आहेस, तीनपर्यंत येत असेल."

३

पेन्शन कचेरीची इमारत जुनी आहे, पण जुनेपणाचा काही रुबाब तिला नाही. भिंतींना खांद्याएवढ्या उंचीपर्यंत पिवळा ऑइलपेंट, वर पांढरा चुना. दुसऱ्या मजल्यावर पोचलं की समोर पॅसेज. उजव्या हाताचं पहिलं दार जुन्या कागदपत्रांच्या खोलीचं, कायम कुलूपबंद. दुसरं पेन्शन विभागाचं, कायम उघडं. तिसरं स्वच्छतागृहाचं, ते वासावरूनही सापडतं, पण मी तसं लिहिलेलं नाही. डावी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मध्यावर बाक, पाय जमिनीत सिमेंटने पक्के केलेले. आमच्या लोकांनी घरी नेऊ नये म्हणून.

पॅसेजच्या तोंडाशी स्टुलावर शिपाई बसला होता. मी दारं मोजताना त्याने पाहिलं.

"काही हरवलं का काका?"

"या पॅसेजला दारं किती?"

"तुम्हाला कितवं पाहिजे?"

"चौथं."

"चौथं कशाला? लोकांना दुसरंच सापडत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऑडिटवाले आहात का?"

नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला. मी फोटो काढले. भिंतीवर हात फिरवून पाहिला. ऑइलपेंटवर फुगे आलेले होते, एका ठिकाणी कुणीतरी नखाने आपलं नाव कोरायला घेऊन कंटाळून सोडलेलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मी बाकावर टेकलो, पाठ भिंतीला लावली. आतल्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता. शिपायाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि घरी आलो.

वर्णन चौथ्यांदा पाठवलं, फोटोंसकट. खाली जुन्या सवयीने लिहिलं, 'जागेवर जाऊन पाहणी केली. दारं तीन.'

उत्तर दुपारच्या आत आलं.

'वर्णन अपूर्ण. पाहणी करताना आपण बाकावर बसलात तेव्हा चौथं दार आपल्या डाव्या खांद्याला लागून होतं.'

मी ते पुन्हा वाचलं. बाकावर बसलो हे मी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

४

माझ्या डोक्याने ताबडतोब शिपायाला पकडलं. स्टुलावर बसून करमत नसेल, तोच तपासनीस असेल. हे मला इतकं पटलं की हसू आलं. मग लक्षात आलं की शिपायाचा फोन बटणांचा होता. मग वाटलं, फोटोच्या कोनावरून कुणी ताडलं असेल. पण बसून मी फोटो काढलेला नव्हता.

भीती वाटायला हवी होती, असं आता वाटतं. त्या वेळी खरं सांगायचं तर मजा वाटत होती. इतकी वर्षं नियमांच्या मागे कोण बसलंय हे पाहायची उत्सुकता मनात दाबून ठेवली होती, ती या वयात उसळली. मी पुरावा मागितला.

पुरावा म्हणून एक ध्वनिफीत आली. ताई टेबलावर शेंगा सोलत होती. मी फोन मधे ठेवला.

आधी खरखर. मग पावलं. मग कुणीतरी लांबून बोलल्यासारखं, 'काही हरवलं का काका?' आणि माझा आवाज, 'दारं किती?' शब्द ओळखू येत होते, पण कडा नसलेले, उशीखाली ठेवल्यासारखे. मधून मधून एक आवाज ठळक येत होता. ठप, मग जरा थांबून ठक्. ठप, ठक्.

"हे काय?" ताईने विचारलं.

मला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. "शिक्का. आधी शाईच्या पॅडवर, मग कागदावर." तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"आणि तू कुठे आहेस?"

"पॅसेजमध्ये. दुसरं कुठे असणार?"

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तू पॅसेजमध्ये आहेस रे. पण ऐकणारा पॅसेजमध्ये नाही. एक्स्चेंजमध्ये आमची काचेची खोली होती, दार लावलं की बाहेरच्या बायका अशाच ऐकू यायच्या. हे बंद दाराच्या आतून ऐकलेलं आहे, बापू."

फितीत मी खोकलो. बाक करकरला. मी बसलो असणार. त्याबरोबर शिक्के थांबले. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त माझी पाठ भिंतीला घासल्याचा आवाज. तो मात्र अगदी जवळून, स्पष्ट. शर्टाचं कापड ऐकू यावं इतका जवळून.

"पेन्शन विभागात शिक्के मारत असतील," मी म्हणालो.

"असतील," ताई म्हणाली. "तो विभाग तुझ्या समोर होता. हे पाठीमागून आहे."

५

दुसऱ्या दिवशी मी इमारतीच्या बाहेरून वळसा घातला. पॅसेजची डावी भिंत म्हणजे इमारतीची बाहेरची भिंत. खालच्या गल्लीत उभं राहून मान वर केली तर तिच्यावर एक सांडपाण्याचा पाइप, दोन मजले उंचीवर पावसाने पडलेले काळे ओघळ आणि पाइपाच्या कोपरावर बसलेला कावळा. खिडकी नाही, सज्जा नाही. खोलीला जागाच नाही. तिथे दार असलंच तर ते थेट हवेत उघडणार.

चहाच्या टपरीवाल्याने मला विचारलं, "भाड्याने घ्यायचीय का?"

मी मनाशी हिशेब केला. दार नाही, तेव्हा खोली नाही. खोली नाही, तेव्हा शिक्के मारणारा नाही. मग माझ्याकडे कुणी लक्ष ठेवून असण्याचं काही कारण नाही. असं एकेक पायरी उतरत मी पूर्ण निश्चिंत झालो आणि घरी आलो, तर ताई फोन कानाला लावून बसली होती.

"पेन्शन कचेरीचं वर्णन आलंय," ती म्हणाली. "तुझं नव्हे."

तिने मोठ्याने ऐकवलं. जिना, कठडा, पॅसेज. वाक्यं बहुतेक माझीच होती, अगदी स्वल्पविरामासकट. पुढे फरक होता. 'हयातीच्या दाखल्यासाठी चौथं दार. डाव्या हाताला, बाक संपल्यावर लगेच. मूठ गोल आहे. हलकेच फिरवावी. आत उंबरा नाही. आत खुर्ची ठेवलेली आहे.' लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, 'तपासून पूर्ण केलं.'

मी तातडीने तक्रार केली. वर्णन चुकीचं आहे, त्या भिंतीमागे दोन मजल्यांची उंची आहे, न दिसणारी माणसं त्यावर विसंबतात, कुणाचा जीव जाईल. यात गमतीचा शब्द नव्हता. उत्तर आलं:

'तक्रार अमान्य. कारण: तक्रारदाराने चौथं दार पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या दाराविषयी तक्रार करता येत नाही.'

मी विचारलं, तपासनीस कोण आहे? पारदर्शकता म्हणता, तर एवढं सांगा.

'जो तो तपासनीस आपापल्या जागेवरच असतो. अचूकतेसाठी तेच आमचं धोरण आहे.'

कट्ट्यावर लिफ्टवालीला निरोप टाकला, तुमच्या लिफ्टचं काय झालं? ती म्हणाली, 'कारण आलं. लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाचा उल्लेख नाही म्हणे. आता मी जिन्याने जाते. गुडघे गेले तरी चालतील.'

"ताई," मी म्हणालो, "या वर्षी मी येतो बरोबर."

"नाही."

"अगं, पण..."

"बापू, तो खिडकीवाला पुन्हा माझ्या डोक्यावरून तुला विचारेल, मी हयात आहे का. मग मी तिथेच मरेन, आणि तुझी पंचाईत होईल." तिने हात झटकले. "दुसरं दार. उजवीकडे. फोन काही का बरळेना. ठरलं?"

"ठरलं."

"आणि पाठीमागे येऊ नकोस. तुझ्या चपला मला रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतात."

६

म्हणून मी तिच्या आधी गेलो. बाकावर, भिंतीला पाठ लावून, चपला काढून बसलो. माझा डावा खांदा जिथे संपत होता तिथे पिवळा ऑइलपेंट होता, फुगे आलेला. बाजूला कुणीच नव्हतं. शिपाई चहाला गेला होता. समोर पेन्शन विभागाचं दार उघडं, आत पंखा.

थोड्या वेळाने जिन्यात काठीची टकटक आली. ताई वर आली. तिने नवी साडी नेसली होती, हे मला त्या क्षणी विनाकारण जाणवलं. केस विंचरलेले, पर्स काखेत, हनुवटी वर. एक्स्चेंजच्या पहिल्या दिवशी ती अशीच निघाली असेल. पहिलं दार काठीने तपासलं. दुसऱ्याशी आली. थांबली. उघड्या दारातून येणारा वारा तिच्या पदराला लागत होता. एक पाऊल टाकलं की काम होतं.

तिने ते टाकलं नाही. मान तिरकी केली. ऑपरेटर बायका गर्दीतून एकच लाइन ऐकायला मान तिरकी करत, तशी. मग सावकाश वळून ती माझ्याकडे, म्हणजे भिंतीकडे आली.

मी श्वास रोखला. तिने बाकाचा कोपरा काठीने चाचपला, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून पुढे गेली आणि माझ्या डाव्या खांद्याजवळ भिंतीवर तळहात टेकला. रंगावरून हात सरकत गेला. मग बोटं वळली. मुठीत काहीतरी गोल घ्यावं तशी वळली. मी तिच्या हाताकडे इतक्या जवळून पाहत होतो की बोटांच्या आतली पोकळी मला दिसत होती. त्या पोकळीतून पलीकडची पिवळी भिंत दिसायला हवी होती. तिथे अंधार होता.

ताईचं मनगट वळायला लागलं. तिचा दंड मात्र हलत नव्हता. हात फिरवताना माणसाचा खांदा थोडा तरी उचलतो. तिचा खांदा जागच्या जागी होता.

"ताई!"

मी ओरडलो ते सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. तिचा हात सुटला. पेन्शन विभागातून दोन-तीन माना बाहेर आल्या. खिडकीतला तोच कारकून दारापर्यंत आला, आधी मला पाहिलं, मग तिला.

"काका, आजींना बरं नाही का? आणा, इकडे आणा. हयातीचंच आहे ना? मी करून देतो, तुम्हीच सही करा."

काम पाच मिनिटांत झालं. ताईला एक अक्षर बोलावं लागलं नाही. जिन्यात ती माझ्या पुढे उतरली, माझा हात झिडकारून.

"तुला आतून काही ऐकू आलं होतं?" गल्लीत आल्यावर मी विचारलं.

"मला बोलावत होते. माझं नाव घेऊन. त्या खिडकीवाल्यासारखं डोक्यावरून नाही." मग तळहात पदराला पुसत ती म्हणाली, "मूठ गरम होती, बापू. पलीकडून कुणीतरी धरून ठेवली होती."

७

ती माझ्यावर आठवडाभर रुसली. मग एका सकाळी नाश्ता करताना स्वतःहूनच म्हणाली, "माझं एक जाऊ दे. मुदत संपायला दिवस आहेत अजून. त्या वर्णनावर आणखी कोण कोण जाईल?"

तेच माझ्याही डोक्यात घोळत होतं. तीन दारं लिहिली तर वर्णन काढतात. चार लिहिली तर ठेवतात. मग एकच वाट उरत होती. मी आयुष्यात प्रथमच न पाहिलेल्या गोष्टीची पाहणी केल्याचं लिहिलं. 'दारं चार. हयातीच्या दाखल्यासाठी दुसरं दार. चौथं दार उघडू नये.'

उत्तर लगेच आलं. 'अंशतः मान्य. चौथ्या दाराच्या नोंदीबद्दल आभार. "उघडू नये" हे शब्द काढले आहेत. कारण: ते मत आहे, वर्णन नाही.'

मी 'धोकादायक' लिहिलं. मत. 'पलीकडे खोली नाही' लिहिलं. 'लिहिणारा पलीकडे गेलेला नाही, सबब अग्राह्य.' ज्याने कुणी हे शेरे लिहिले तो कसलेला माणूस होता. वेगळ्या परिस्थितीत त्याच्याबरोबर एका खोलीत नोकरी करायला मला आवडलं असतं. हे मी ताईला बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "हळू बोल."

"मत चालत नाही," ती पुढे म्हणाली. "मग असं काहीतरी लिही जे तिथे खरंच आहे."

"तिथे काय आहे? बाक आहे."

"बाकावर?"

मी फोन पुढे ओढला. मग लिहिलं, 'चौथ्या दाराला लागून, कचेरीच्या वेळात, बाकावर एक म्हातारा बसलेला असतो. तो दुसरं दार दाखवतो.'

ते मान्य झालं. खाली दोन शब्द होते: 'नोंद कायम.' नोकरीत मला कायम व्हायला साहेबांच्या किती मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या. इथे एका वाक्यात झालं.

तर आता मी रोज कचेरीच्या वेळेला डबा घेऊन जातो आणि बाकावर बसतो. शिपायाला वाटतं, घरात सून छळत असेल. मला सून नाही, पण त्याने एवढ्या आपुलकीने समजूत करून घेतली आहे की मोडवत नाही. काठी टेकत कुणी आलं की मी म्हणतो, "या, उजवीकडे, दुसरं." परवा एक गृहस्थ थबकले, "पण आत बोलावतायत ना?" म्हणाले. मी त्यांना दंडाला धरून वळवलं. पाठीमागे शिक्के चालू असतात. ठप, ठक्. मला त्यांची सवय झाली आहे. कधी कधी ते थांबतात, तेव्हा मी पुस्तकाचं पान उलटायचं थांबतो. एखाद्या वेळी हात मागे नेऊन चाचपावं असं अनिवार वाटतं. कोण आहे, टेबल कसलं आहे, खुर्ची एक की दोन. आजवर नेलेला नाही.

काल बस चुकली. कचेरी उघडून थोडाच वेळ झाला होता. मी जिना चढत असताना खिशात फोन वाजला.

'वर्णन अपूर्ण. म्हातारा जागेवर नाही. तोपर्यंत तपासनीस बसला आहे.'

मी होतो तिथेच थांबलो. आणखी दोन पायऱ्या चढलो असतो तर कठड्यावरून बाक दिसला असता. या वयात मला इतकं कुतूहल कशाचंच वाटलेलं नाही. एक पाय वरच्या पायरीवर गेलाही. मग, साहेबांच्या खोलीत शिरण्याआधी खोकतात तसा मी खोकलो.

वर बाक करकरला. मी उठताना तो करकरतो तसाच. मग गोल मूठ फिरल्याचा आवाज आला, आणि दार सावकाश, माणसं कामाच्या खोलीचं लावतात तसं, लागलं.

मी वर गेलो. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. डावीकडे न पाहता जाऊन बसलो आणि पाठ भिंतीला लावली. डबा बाजूला ठेवतोय तोच फोन पुन्हा वाजला.

'वर्णन पूर्ण.'